आधी पाठ बघा, मग राजाचा चेहरा: शाही दौऱ्यांचे जुने दागिने घेणाऱ्या नवख्यांसाठी

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी साडेचार हजाराला एक ब्रोच घेतला. चांदीची नक्षीदार चौकट, वर काच, आत दाढीवाला मुकुटधारी राजा. विक्रेता म्हणाला, "ताई, १९११ च्या दिल्ली दरबारातला आहे, संस्थानिकांच्या घरातून आलाय." मी घासाघीसही केली नाही. घरी येऊन मागचं पत्र्याचं झाकण अलगद उघडलं. चित्रामागे कापून बसवलेला पुठ्ठा कुठल्याशा लग्नपत्रिकेचा होता आणि त्यावर सहा आकडी पिनकोड छापलेला होता. आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला.

गंमत म्हणजे चौकट खरी होती. जुनी, हाताने घडवलेली, चांदीची. खोटा होता तो फक्त राजा. तेव्हापासून असली वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करते. पुढचं सगळं त्या साडेचार हजाराच्या शिकवणीतून आलेलं आहे.

इथे मी ब्रिटिश राजघराण्याच्या भारतभेटींबद्दलच लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या बाजारात आणि जुन्या घरांच्या डब्यांत त्या भेटींची आठवण म्हणून बनलेल्या वस्तूच सापडतात: ब्रोच, लॉकेट, टायपिन, कफलिंक, छातीवर लावायची पदकं, आणि गर्दीसाठी बनलेले स्वस्त बिल्ले.

१. कोण कधी आलं, ते आधी पाठ करा

भिंग घेण्याआधी हे करा. निम्मी फसवणूक इथेच गळून पडते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: व्हिक्टोरिया राणी भारतात कधीच आली नाही. "राणीच्या भारतभेटीचं लॉकेट" असं कुणी म्हणालं तर हसून पुढे चला. १८७७ चा दिल्ली दरबार, म्हणजे सम्राटपद जाहीर करण्याचा शाही सोहळा, व्हाइसरॉय लिटनने भरवला होता. १९०३ च्या दरबारालाही सातवा एडवर्ड स्वतः आला नव्हता, भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉट याला पाठवलं होतं. राज्यावर असताना भारतात आलेला पहिला ब्रिटिश राजा म्हणजे पाचवा जॉर्ज, १९११ साली.

मग उरतात त्या मुख्य भेटी अशा:

१८७५-७६: वेल्सचा राजपुत्र अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. ८ नोव्हेंबर १८७५ ला 'सेरापिस' जहाजातून मुंबईत उतरला आणि दुसऱ्याच दिवशी चौतीस वर्षांचा झाला. चेहऱ्यावर दाढी, डोक्यावर मुकुट नाही.

१९०५-०६: वेल्सचा राजपुत्र जॉर्ज आणि राजकन्या मेरी. ११ नोव्हेंबर १९०५ ला त्याने मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली, तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. दाढी आहे, मुकुट नाही, आणि बहुतेक वेळा शेजारी मेरी.

१९११-१२: तेच दोघं, आता राजा-राणी. २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले, १२ डिसेंबरला दिल्ली दरबार. गेटवे ऑफ इंडिया याच उतरण्याची आठवण आहे, पण ते उतरले तेव्हा तो नव्हता. पायाच १९१३ साली घातला गेला आणि बांधकाम पुरं झालं १९२४ ला. त्यामुळे "१९११ च्या बिल्ल्यावर" गेटवेचं आजचं रूप दिसलं तर तो बिल्ला नंतरचा.

१९२१-२२: वेल्सचा राजपुत्र एडवर्ड, पुढे १९३६ साली राजपद सोडणारा. सत्तावीस वर्षांचा, दाढीमिशा सफाचट. १७ नोव्हेंबर १९२१ ला तो मुंबईत उतरला तेव्हा शहरात बहिष्कार होता, विलायती कापडाची होळी झाली आणि दंगल पेटली. स्वागताला गेलेल्या लोकांवर हल्ले झाले. त्या दिवशी त्याचा बिल्ला छातीवर लावून गिरगावातून जाणं हे धाडसाचंच काम असणार. दोन दिवसांनी पुण्यात त्याच्याच हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली. या दौऱ्याच्या वस्तू मला म्हणूनच जास्त आवडतात, एकाच बिल्ल्यात दोन्ही बाजू दिसतात.

चेहरे ओळखायला आणखी एक सोपी युक्ती आहे. मुंबईत असाल तर राणीच्या बागेत जा. काळा घोडा या भागाला ज्यावरून नाव पडलं तो मूळ अश्वारूढ पुतळा १९६५ पासून तिथे आहे. १८७५-७६ च्या भेटीची आठवण म्हणून ससून घराण्याने दिलेला हा पुतळा अल्बर्ट एडवर्डचा आहे. त्याचं नाक, कपाळ, दाढीची ठेवण नीट बघून घ्या. मी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवलेत आणि बाजारात ते उघडून बसते.

दोन सापळे इथेच सांगते. पाचवा जॉर्ज आणि रशियाचा दुसरा निकोलस हे मावसभाऊ जुळ्यासारखे दिसायचे. निकोलस युवराज असताना १८९०-९१ च्या प्रवासात भारतातही येऊन गेला, त्यामुळे दाढीवाला दिसला की जॉर्जच, असं नाही. गणवेश आणि अक्षरं बघा. दुसरं म्हणजे तीन पिसांचं चिन्ह: ते प्रत्येक वेल्सच्या राजपुत्राचं असतं. त्यावरून राजपुत्र आहे एवढं कळतं, कोणता ते कळत नाही.

२. भेट, राज्याभिषेक आणि साधं नाणं यांत गल्लत करू नका

राज्याभिषेकाच्या वस्तू भेटींच्या वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त बनल्या. विक्रेते त्या सर्रास "दौऱ्याच्या" म्हणून विकतात.

सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. त्याच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि समारंभ ९ ऑगस्टला झाला. २६ जून कोरलेल्या वस्तू तोवर बनून विकल्याही गेल्या होत्या. "तारीख चुकलेली आहे, म्हणून दुर्मिळ" असं कुणी म्हटलं तर तो एकतर भोळा आहे किंवा तुम्हाला भोळं समजतोय. आठव्या एडवर्डच्या (१९२१ चा तोच राजपुत्र) १९३७ च्या, कधीच न झालेल्या राज्याभिषेकाच्या वस्तूंचंही तसंच. त्याही मुबलक आहेत.

१९११ मध्ये तर दोन पदकं एकमेकांत मिसळतात. राज्याभिषेकाचं पदक आणि दिल्ली दरबाराचं पदक यांच्या दर्शनी बाजूला तीच राजा-राणीची जोडी, आणि फीतही तीच, गडद निळ्यावर दोन बारीक लाल रेषा. फरक आकारात आणि पाठीवर. राज्याभिषेकाचं ३२ मिलिमीटरचं, दरबाराचं ३८.५ मिलिमीटरचं. दरबाराच्या पदकाच्या पाठीवर फारसी मजकूर असतो. इथेही पाठच कामाला आली.

राहिला आपला राणीछाप रुपया. तो माळेत ओवलेला असो, कडी लावून लॉकेट केलेला असो किंवा ब्रोच, ते नाण्याचं लेणं आहे, भेटीचं स्मृतिचिन्ह नव्हे. आजीचं म्हणून जपा, पण दौऱ्याच्या भावाने घेऊ नका. शिवाय कडी डाख लावून जोडलेली असेल तर नाणं म्हणूनही त्याची किंमत घसरते.

३. पिशवीत काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सराफाकडे असतं ते. शून्य पूर्णांक एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा. व्हर्नियर कॅलिपर, प्लास्टिकची चालेल. छोटं लोहचुंबक. छोटी टॉर्च. मऊ रंगकामाचा ब्रश. वही.

काटा बरोबर चालतो का, हे बघायला घरातला एक न झिजलेला राणीछाप किंवा राजाछाप रुपया जवळ ठेवा. त्याचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम. बाजारातल्या कुणाच्याही काट्यापेक्षा माझा या रुपयावर जास्त भरवसा आहे.

४. पाठ बघा

आता खरं काम. वस्तू घेऊन लगेच उलटी करा आणि चेहरा विसरा.

टाचणी बघा. जुन्या ब्रोचची टाचणी साध्या इंग्रजी सी अक्षरासारख्या आकड्यात अडकते आणि तिचं टोक अनेकदा चौकटीच्या बाहेर डोकावतं. वळवून बंद करायचा कुलूपवजा खटका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळला. १८७५ च्या म्हणवणाऱ्या ब्रोचला तो असेल तर टाचणी बदललेली आहे. बदललेली टाचणी म्हणजे वस्तू खोटी असं नाही, शंभर वर्षांत टाचण्या तुटतातच. पण डाख नवा चकचकीत असेल तर विचारा, आणि भाव त्या हिशेबाने सांगा.

स्क्रू असेल तर त्याचं डोकं बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्याच्या आधीचा असणं जवळजवळ अशक्य.

झाकण उघडता येत असेल तर मालकाच्या परवानगीने, त्याच्यासमोर उघडा. आत पुठ्ठा, कागद, कापड, जे असेल त्यावर छापील काही आहे का बघा. माझा पिनकोड तिथेच सापडला. डिंक वाळून पिवळा, ठिसूळ झालेला असावा, पारदर्शक आणि रबरासारखा ताणणारा डिंक आजचा.

छाप शोधा. इंग्लंडमध्ये बनलेल्या चांदीवर चालणारा सिंह म्हणजे ९२५ ची चांदी (हजारात ९२५ भाग शुद्ध), नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. त्याशेजारी एक अक्षर असतं, त्यावरून वर्ष निघतं. ही अक्षरांची कोष्टकं नेटवर मोफत मिळतात, छापून पिशवीत ठेवा. एक मजेशीर गोंधळ असा की १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राणीचा इवलासा चेहराही छापांच्या ओळीत असायचा. माझ्या एका मैत्रिणीने चमच्यावरचा तो चेहरा बघून चमचा "राणीच्या तसबिरीचा" म्हणून घेतला. चमचा बरा होता, हिशेब चुकला.

भारतात घडवलेल्या चांदीवर बऱ्याचदा छाप नसतोच. त्यावरून नाक मुरडू नका. तिथे हाताच्या कामाच्या खुणा बघा: नक्षीतली थोडी कमीजास्त पाकळी, आतल्या बाजूला ठोकल्याच्या खोलगट जागा. सगळ्या पाकळ्या अगदी हुबेहूब आणि पाठीवर बारीक दाणेदार पोत असेल तर ती साच्यात ओतलेली नक्कल असण्याची दाट शक्यता.

दरबाराच्या पदकाच्या नकलाही ओतीवच असतात. कडेवर कानशीने घासल्याची रेघ, फारसी अक्षरांच्या कडा सुजल्यासारख्या, आणि आकार किंचित लहान, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. कॅलिपर इथेच कामी येते. कडेवर कुणाचं नाव नाही म्हणून मात्र पदक नाकारू नका.

५. आता चेहरा, पण भिंगातून

रंगवलेलं चित्र असेल तर भिंगाखाली ब्रशचे बारीक फटकारे आणि ठिपके दिसतात, पण वेडेवाकडे, हाताचे. छापील चित्रात ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते. अशी जाळी १८७५ च्या वस्तूत दिसली तर विषय संपला. १९११ आणि १९२१ च्या बिल्ल्यांत ती असणं साहजिक आहे, तेव्हा तंत्र आलेलं होतं. पण निळ्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांची तीक्ष्ण जाळी आणि पांढराशुभ्र चकचकीत कागद दिसला तर तो कालपरवाच्या छपाई यंत्रातून आलेला.

जुना छायाचित्राचा कागद वेगळाच दिसतो. जाळी नाही, तपकिरी-पिवळट छटा, कडांकडे फिकट.

पातळ पारदर्शक आवरणाखाली छापील चेहरा, मागे पत्र्याची वाटी आणि तारेची टाचणी, असा बिल्ला असेल तर तो बहुधा सेल्युलॉइडचा. ही पद्धत १८९६ पासूनची. बोटाने जरा चोळा, कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइड बनतंच कापूर घालून. नेटवर कुणीतरी "तापलेली सुई टोचून बघा" असा सल्ला देतं. कृपा करून तसं काही करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

६. हस्तिदंत: इथे थांबा

दिल्लीचे चित्रकार हस्तिदंताच्या पातळ पत्र्यावर जलरंगाने तसबिरी रंगवायचे आणि त्या ब्रोचमध्ये मढवल्या जायच्या. फार सुंदर काम. टॉर्च मागून धरली की पत्र्यातून उजेड झिरपतो आणि बारीक रेषा दिसतात.

अशी वस्तू भारतात विकत घेऊ नका, विकूही नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. "जुनं आहे, चालतं" ही विक्रेत्याची समजूत आहे, कायद्याची नाही. कासवाच्या पाठीपासून बनवलेल्या चौकटींचंही तेच.

मावशीच्या डब्यात असा एक ब्रोच निघाला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. वारशाने आली असेल तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन मालकीच्या प्रमाणपत्राबद्दल विचारा. आम्ही तेच केलं. खेटे पडतात, पण रात्री झोप लागते.

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी: तिथे २०२२ पासून हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी लागू आहे, पण १९१८ च्या आधीच्या आणि ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या तसबिरींना सूट आहे. विकण्याआधी नोंदणी करावी लागते, शुल्क २० पौंड. ती नोंदणी तिथल्या विक्रीपुरती. "सुट्टीत येताना आईसाठी आणते" असं मनात आणू नका.

७. शंभर वर्षांची रेघ

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते. म्हणजे १९२१-२२ च्या दौऱ्याच्या वस्तूंनी ही रेघ नुकतीच ओलांडली आहे. आजोबांनी घेतला तेव्हा जो नुसता बिल्ला होता, तो आता कायद्याच्या नजरेत वेगळा आहे. बऱ्याच जणांच्या हे ध्यानीमनी नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय?

घरात ठेवायला, वारशाने द्यायला अडचण नाही. काही प्रकारांची नोंदणी मात्र लागते. त्या यादीत चित्रं आणि लघुचित्रं येतात, म्हणून रंगवलेली तसबीर असेल तर राज्याच्या पुरातत्त्व खात्यात नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. सोबत न्या: ओळखपत्र, मालकीचा पुरावा (पावती, मृत्युपत्र, जे असेल ते), वस्तूचे पुढून-मागून फोटो, मापं आणि वजन.

पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो. दुकानदाराला परवाना दाखवायला सांगा. प्रामाणिक माणूस रागावत नाही.

आणि परदेशी पाठवणं नाही. अमेरिकेतल्या मुलाला कुरिअरने नाही, सामानात घालून नाही. बेकायदा निर्यातीला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड आहे. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल आणि न्यायची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या, विमानतळावर वाद घालू नका.

८. व्यवहार

पावती घ्या. त्यात "जुना ब्रोच" एवढंच नको. धातू, वजन, माप, कोणाची तसबीर, विक्रेत्याच्या मते साल, सगळं लिहून घ्या. विक्रेता तोंडी १९११ म्हणतो आणि कागदावर लिहायला कचरतो, तेव्हा तुम्हाला उत्तर मिळालेलं असतं.

"संस्थानिकांच्या घरातला" या वाक्याचे पैसे देऊ नका. पत्र, जुना फोटो, यादी, डबीवरचं नाव, असं काही असेल तर त्याचे द्या.

धातूची खात्री सराफाकडे करा, पण कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, यंत्रावर तपासायला सांगा. आमचे सराफकाका सवयीने म्हणाले, "आणा, जरा धुऊन देतो, लखलखीत होईल." मी अक्षरशः हात धरला. आतलं चित्र जलरंगाचं असेल तर एका बुडीत राजाचा चेहरा वाहून जातो.

९. घरी आणल्यावर

रिठा नको, चिंच नको, टूथपेस्ट तर नकोच. काळवंडलेली चांदी तशीच राहू द्या. खोलगट जागांतला काळेपणा हे वयाचं लक्षण आहे, घासून काढलात की ओळखही जाते आणि भावही. मऊ ब्रशने धूळ झटका, बस.

रबरबँड जवळ ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. सेल्युलॉइडचे बिल्ले धातूच्या वस्तूंपासून वेगळे, हवा खेळेल अशा कागदी डबीत ठेवा. बंद डब्यात ते स्वतःही खराब होतात आणि शेजाऱ्यालाही गंजवतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि दर पंधरा दिवसांनी बदला. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर आठवड्याला.

पहिली खरेदी कशाची करू, असं मला विचारलं जातं. १९११ च्या दरबाराचं चांदीचं पदक घ्या. हजारोंनी बनलेलं आहे, माप-वजन ठरलेलं आहे, तुलनेला फोटो भरपूर मिळतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे एक दिवस घालवून नाणी बघा. ठोकून छापलेला धातू कसा दिसतो ते डोळ्यांत बसलं की ओतलेली नक्कल लगेच खटकते.

माझा तो पिनकोडवाला ब्रोच अजून माझ्याकडे आहे. चौकट चांगली आहे, म्हणून आतला राजा काढून टाकला आणि तिथे आजीचा फोटो बसवला. मागे पुठ्ठा मात्र तोच ठेवलाय.